न्यूट्रिनोंचा झोत : टोकाई ते कामिओका

विद्युतभार असलेल्या कणाला वळवायचे तर चुंबक लागतो, हे दहावीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉन असेच वळवले जात. प्रोटॉनही वळतो. न्यूट्रिनोला मात्र विद्युतभारच नाही. तो चुंबकाला दाद देत नाही, भिंतीला देत नाही, डोंगराला देत नाही. अख्खी पृथ्वी आड आली तरी बहुतेक न्यूट्रिनो सरळ पलीकडे निघून जातात. जो कण वळत नाही, थांबत नाही आणि साठवता येत नाही, त्याचा झोत करून तो शेकडो किलोमीटरांवरच्या एका टाकीकडे पाठवायचा कसा?

जपानमध्ये २०१० पासून हे काम चालू आहे. टोकियोच्या ईशान्येला, प्रशांत महासागराच्या काठी टोकाई नावाचे गाव आहे. तेथील ‘जे-पार्क’ या त्वरक केंद्रात न्यूट्रिनोंचा झोत तयार होतो आणि जमिनीखालून २९५ किलोमीटर जाऊन पश्चिमेकडच्या कामिओका येथील डोंगराखाली पोहोचतो. तेथे ५०,००० टन अतिशुद्ध पाण्याची ‘सुपर-कामिओकांडे’ ही टाकी आहे. या प्रयोगाचे नाव टी-टू-के, म्हणजे टोकाई ते कामिओका. न्यूट्रिनोंच्या आंदोलनांवर मराठीत बरेच लिहिले गेले आहे. झोत प्रत्यक्षात कसा चालवतात, त्याची राखण कशी करतात, याविषयी मात्र फारसे वाचायला मिळत नाही. म्हणून आम्ही या लेखात मुख्यतः यंत्राबद्दल बोलणार आहोत.

मुळात स्वतःचा झोत कशाला हवा? निसर्गात न्यूट्रिनोंची काही टंचाई नाही. विश्वकिरण वातावरणावर आदळतात तेव्हाही न्यूट्रिनो तयार होतात. असे न्यूट्रिनो १९६५ मध्ये आपल्याच कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर पकडले गेले होते. त्या प्रयोगात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, ओसाका आणि डरहॅम येथील वैज्ञानिक एकत्र होते. भारत आणि जपान यांचा या विषयातला संबंध इतका जुना आहे. पुढे १९९८ मध्ये सुपर-कामिओकांडेने वातावरणातल्या न्यूट्रिनोंवरूनच दाखवून दिले, की प्रवासात न्यूट्रिनो आपला प्रकार बदलतात. पण निसर्गाचे न्यूट्रिनो कधी, कुठून आणि किती ऊर्जेने येतील हे आपल्या हाती नसते. स्वतःच्या झोताचे तसे नाही. किती अंतर, किती ऊर्जा, कोणता प्रकार आणि कोणत्या क्षणी, हे सारे आपण ठरवू शकतो. अशा लांब पल्ल्याचा पहिला प्रयोग जपानमध्येच झाला. त्सुकुबा येथील केईके प्रयोगशाळेतून कामिओकाकडे, २५० किलोमीटर अंतरावर, १९९९ ते २००४ या काळात झोत सोडण्यात आला होता.

आंदोलनांबद्दल येथे एवढेच पुरे. न्यूट्रिनो तीन प्रकारचे : इलेक्ट्रॉन-, म्यूऑन- आणि टाऊ-न्यूट्रिनो. म्यूऑन-न्यूट्रिनो म्हणून निघालेला कण वाटेत ठरावीक लयीने दुसऱ्या प्रकारांत बदलतो आणि परततो. ही लय अंतर भागिले ऊर्जा या गुणोत्तरावर ठरते. अंतर २९५ किलोमीटर असेल, तर पहिला सर्वांत मोठा बदल सुमारे ६०० एमईव्ही, म्हणजे ६० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेला येतो. म्हणून ६०० एमईव्हीच्या आसपासचे न्यूट्रिनो हवेत. त्याहून फार जास्त ऊर्जेचे नकोत, कारण ते न बदलता येतात आणि मोजणीत गोंधळ घालतात.

आता यंत्राकडे वळू. न्यूट्रिनो वळत नसला तरी त्याचे आईबाप वळतात. सगळी युक्ती या एका वाक्यात आहे.

सुरुवात प्रोटॉनांपासून होते. जे-पार्कच्या मुख्य वर्तुळाचा परीघ १,५६८ मीटर आहे. तेथे प्रोटॉनांची ऊर्जा ३० जीईव्हीपर्यंत वाढवली जाते. वर्तुळात प्रोटॉनांच्या घोळक्यांसाठी नऊ जागा असतात. त्यांतल्या आठ भरतात आणि नववी मुद्दाम रिकामी ठेवतात. घोळक्यांना वर्तुळाबाहेर काढणाऱ्या चुंबकाला जोर धरायला थोडा अवधी लागतो, तो या रिकाम्या जागेत मिळतो. एका फेरीत सगळे घोळके बाहेर पडतात. प्रकाशाच्या जवळपास वेगाने १,५६८ मीटरला किती वेळ लागेल, हे वर्गात फळ्यावर करून पाहावे : साधारण ५ मायक्रोसेकंद. एका स्पंदाची लांबी एवढीच. पुढचा स्पंद १.३६ सेकंदांनी येतो. पूर्वी हे अंतर २.४८ सेकंद होते. २०२१-२२ मध्ये चुंबकांचे वीजपुरवठे बदलल्यानंतर ते कमी झाले.

बाहेर पडलेले प्रोटॉन अतिवाहक चुंबकांच्या साहाय्याने सुमारे ८० अंशांतून कामिओकाच्या दिशेला वळवले जातात आणि शेवटी किंचित खाली झुकवले जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे कामिओका टोकाईच्या क्षितिजाखाली येते. सरळ जायचे तर जमिनीतच शिरावे लागते. मध्यावर ही सरळ रेषा भूपृष्ठाच्या सुमारे १.७ किलोमीटर खाली असते. (पृथ्वीची त्रिज्या ६,३७० किलोमीटर धरून विद्यार्थ्यांनी हा आकडा भूमितीने काढावा, नववीच्या मुलांना जमण्यासारखा आहे.) त्यासाठी बोगदा मात्र खणावा लागत नाही, हे सांगायला विसरू नये. मुले हटकून विचारतात.

मग प्रोटॉन लक्ष्यावर आदळतात. लक्ष्य म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर लांब आणि २.६ सेंटिमीटर जाड अशी ग्रॅफाइटची कांडी. एका स्पंदात दोनशेहून अधिक लाख कोटी प्रोटॉन असतात आणि त्यांची एकूण ऊर्जा एका मेगाज्यूलहून जास्त, म्हणजे तीन लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. यातला थोडाच भाग कांडीत उतरतो. पण तो पाच मायक्रोसेकंदांत उतरतो, आणि दर १.३६ सेकंदांनी पुन्हा उतरतो. कांडीभोवती वेगाने हेलियम वायू खेळवून ती थंड ठेवतात. पाणी वापरत नाहीत, कारण असा आकस्मिक धक्का बसला की पाण्याची वाफ होण्याचे भय असते. ग्रॅफाइट निवडण्याचे कारणही हेच : तापमानाचे झटके ते सोसते.

या टकरींतून पायॉन नावाचे कण उडतात. पायॉनला विद्युतभार असतो आणि तो फुटला की एक म्यूऑन आणि एक म्यूऑन-न्यूट्रिनो मिळतो. आपल्याला हवे असलेले आईबाप हेच. पण ते कांडीतून चहूबाजूंना विखुरतात. त्यांना गोळा करण्यासाठी कर्ण्याच्या आकाराचे ॲल्युमिनियमचे ‘हॉर्न’ वापरतात. ही कल्पना सायमन व्हॅन डर मीर यांनी १९६१ मध्ये सर्न येथे काढली. विद्युतवाहक तारेभोवती वर्तुळाकार चुंबकीय क्षेत्र असते, हा दहावीच्या पुस्तकातला प्रयोग आठवावा. तेथे एखाद्या अँपिअरची धारा असते. हॉर्नच्या आतल्या नळीतून ३,२०,००० अँपिअर वाहतात, तेही क्षणभरच, प्रोटॉन येतात त्या वेळेला. त्या क्षेत्रात शिरलेले धन पायॉन अक्षाकडे ढकलले जातात आणि ऋण पायॉन बाहेर फेकले जातात. धारेची दिशा उलटी केली की ऋण पायॉन गोळा होतात आणि न्यूट्रिनोंऐवजी प्रतिन्यूट्रिनोंचा झोत मिळतो. लेखाच्या शेवटाकडे ही उलटापालट पुन्हा कामाला येईल.

तीन हॉर्नमधून निघालेले पायॉन सुमारे ९६ मीटर लांबीच्या, हेलियमने भरलेल्या बोगद्यात शिरतात. एवढीच लांबी का? पायॉनचे सरासरी आयुष्य एका सेकंदाच्या कोट्यंशाच्या सुमारे चौथ्या भागाइतके आहे. पण वेगाने धावणाऱ्या कणाचे घड्याळ हळू चालते, त्यामुळे २ जीईव्हीचा पायॉन फुटण्यापूर्वी सरासरी शंभरेक मीटर जातो. म्यूऑन त्या मानाने दीर्घायुषी. तो बोगद्यात फुटला तर त्यातून इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो निघून झोत भेसळीचा होईल. म्हणून बोगद्याच्या टोकाला ग्रॅफाइट आणि लोखंडाचा भक्कम अडसर आहे. उरलेले प्रोटॉन, पायॉन आणि बहुतेक म्यूऑन तेथे अडतात. न्यूट्रिनो अर्थातच पुढे जातात.

येथवरचा भाग ऐकल्यावर वाटते, की आता झोत बरोबर टाकीच्या मध्यावर रोखला की झाले. टोकाईला मात्र झोताचा मध्य मुद्दाम टाकीपासून २.५ अंश बाजूला ठेवला आहे. ही युक्ती आम्हाला या सगळ्या यंत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ती समजायला अकरावीचे पदार्थविज्ञान पुरते.

स्थिर पायॉन फुटतो तेव्हा न्यूट्रिनोच्या वाट्याला नेहमी तेवढीच ऊर्जा येते : सुमारे ३० एमईव्ही. आता धावत्या आगगाडीतून बाजूला फेकलेला चेंडू डोळ्यांसमोर आणा. गाडीच्या वेगाने चेंडूच्या पुढच्या वेगात भर पडते, आडव्या वेगात नाही. तसेच पायॉन कितीही वेगात असला तरी न्यूट्रिनोचा आडवा संवेग ३० एमईव्हीच्या हिशेबापलीकडे जाऊ शकत नाही. जो न्यूट्रिनो अक्षाशी २.५ अंशांचा कोन करून निघाला, त्याचा आडवा संवेग म्हणजे त्याची ऊर्जा गुणिले साइन २.५ अंश, म्हणजे ऊर्जेच्या ०.०४४ पट. हा गुणाकार ३० पेक्षा मोठा होता कामा नये. म्हणून ऊर्जा ३० भागिले ०.०४४, अर्थात सुमारे ६८० एमईव्हीपेक्षा जास्त असूच शकत नाही. पायॉन २ जीईव्हीचा असो की ५ जीईव्हीचा, त्या कोनात उभ्या असलेल्याला ६८० च्या आतलेच न्यूट्रिनो दिसतात आणि त्यांची गर्दी ६०० च्या आसपास होते. आपल्याला नेमके तेच हवे होते. (पायॉनखेरीज केऑन नावाचे कणही थोडे असतात आणि त्यांच्यामुळे जास्त ऊर्जेचे काही न्यूट्रिनो येतातच; पण ते कमी.) अक्षावर न्यूट्रिनो जास्त मिळाले असते हे खरे, पण त्यांच्या ऊर्जा इतस्ततः पसरलेल्या असत्या. बाजूला उभे राहून एकूण संख्या घटली तरी कामाचे न्यूट्रिनो वाढले.

या युक्तीची किंमत झोत चालवणाऱ्यांना मोजावी लागते. ऊर्जा कोनावर ठरते, म्हणून कोन सांभाळावा लागतो. झोताची दिशा एका रेडियनच्या हजाराव्या भागाने जरी सरकली, तरी कामिओकात दिसणाऱ्या न्यूट्रिनोंची ऊर्जा २ ते ३ टक्क्यांनी बदलते. २९५ किलोमीटरांवर हे सरकणे २९५ मीटर होते. न्यूट्रिनोंचा झोत तेथे कित्येक किलोमीटर पसरलेला असतो, त्यामुळे टाकी चुकण्याचे भय नाही. भय आहे ते आंदोलनाचे गणित चुकण्याचे.

मग दर स्पंदाला झोताची दिशा कळणार कशी? न्यूट्रिनो तर दिसत नाही. येथे त्याचा जुळा भाऊ उपयोगी पडतो. प्रत्येक न्यूट्रिनोबरोबर एक म्यूऑन जन्मलेला असतो आणि त्यांतले ५ जीईव्हीहून जास्त ऊर्जेचे म्यूऑन अडसर भेदून बाहेर येतात. अडसरामागे, लक्ष्यापासून ११८ मीटरांवर, सात ओळी आणि सात रकाने अशा ४९ संवेदकांच्या दोन जाळ्या बसवलेल्या आहेत. म्यूऑनांच्या गर्दीचा मध्य कुठे पडला हे त्या दर स्पंदाला सांगतात. लक्ष्यावर प्रोटॉनांचा झोत थोडासा जरी सरकला किंवा हॉर्नची धारा घसरली, तरी म्यूऑनांच्या चित्रात ते उमटते आणि पाळीवरचे लोक दुरुस्तीला लागतात. काही आकडे मर्यादेबाहेर गेले, तर माणसाची वाट न पाहता यंत्रणाच पुढचा स्पंद रोखते. १.३६ सेकंदांत माणूस काय ठरवणार?

खुद्द न्यूट्रिनोंची पाहणी लक्ष्यापासून २८० मीटरांवर होते. तेथे अधिक चिन्हाच्या आकारात मांडलेले, लोखंडी पत्रे आणि चमकणारे प्लॅस्टिक यांचे १४ मोठे डबे झोताच्या मध्यावर आहेत. कोणत्या डब्यात किती न्यूट्रिनो अडकले, यावरून झोताचा मध्य मिळतो. त्याच खड्ड्यात, पण कामिओकाच्या दिशेला, दुसरा शोधक आहे. तो बदल होण्यापूर्वीच्या न्यूट्रिनोंची नोंद घेतो. त्याचा चुंबक सर्नने दिलेला जुना चुंबक आहे. १९८३ मध्ये डब्ल्यू आणि झेड कणांच्या शोधात जो वापरला गेला, तोच. तरीही एक प्रश्न उरतो : ग्रॅफाइटमधून मुळात किती पायॉन निघतात? हे गणिताने पुरेसे अचूक सांगता येत नाही. म्हणून सर्नमध्ये तशाच ग्रॅफाइटच्या कांडीवर ३० जीईव्हीचे प्रोटॉन सोडून पायॉनांची वेगळी मोजणी करण्यात आली.

इतकी उठाठेव कशासाठी, हे कामिओकाच्या टोकाला पाहिले की कळते. तेथे न्यूट्रिनो पाण्यातल्या अणुकेंद्रावर क्वचित आदळतो. टक्कर झालीच, तर म्यूऑन-न्यूट्रिनोपासून म्यूऑन आणि इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोपासून इलेक्ट्रॉन मिळतो. म्यूऑनच्या निळसर प्रकाशाचे कडे रेखीव असते, इलेक्ट्रॉनचे विस्कटलेले. डोंगराखाली असूनही टाकीतून दर सेकंदाला विश्वकिरणांचे दोनेक म्यूऑन जातात आणि वातावरणातल्या न्यूट्रिनोंच्या टकरीही रोज काही होतात. त्यांतून टोकाईचे पाहुणे ओळखायचे कसे? वेळेवरून. दोन्ही टोकांची घड्याळे उपग्रहांच्या संकेतांवर जुळवलेली असतात. टोकाईहून स्पंद निघाला, की सुमारे एका मिलिसेकंदाने कामिओकात पाच मायक्रोसेकंदांची खिडकी उघडते. १.३६ सेकंदांतले पाच मायक्रोसेकंद म्हणजे जवळजवळ काहीच नव्हे. तेवढ्यात भलता पाहुणा घुसण्याची शक्यता नगण्य होते.

घड्याळाच्या बाबतीत किती दक्ष राहावे लागते, याचे उदाहरण युरोपात घडले. सर्नहून इटलीतील ग्रान सास्सो येथे ७३० किलोमीटर झोत जात असे. तेथील ‘ऑपेरा’ गटाने सप्टेंबर २०११ मध्ये जाहीर केले, की न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोहोचतात. वर्तमानपत्रांनी आइन्स्टाइनना निवृत्त करून टाकले. २०१२ मध्ये कळले, की घड्याळाच्या जोडणीतली प्रकाशतंतूची एक तार नीट बसलेली नव्हती.

टी-टू-केचा पहिला न्यूट्रिनो कामिओकात २४ फेब्रुवारी २०१० रोजी दिसला. एक वर्ष मोजणी झाली आणि ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्येला महाभूकंप झाला. टोकाईला जमीन खचली, बोगद्यांतले चुंबक जागचे हलले, सगळे ठप्प झाले. हाती होती ती तोवरची नोंद. तिच्यात इलेक्ट्रॉनची विस्कटलेली कडी सापडली सहा. बदल होतच नसता तर भेसळीमुळे दीड अपेक्षित होते. जून २०११ मध्ये हे जाहीर झाले तेव्हा आशा वाटली, पण कोणी शपथेवर सांगितले नसते. सहा ही संख्या दीडपेक्षा खरोखर मोठी आहे असे म्हणायचे, तर ‘दीड’ हा आकडा आधी विश्वासाचा हवा. आणि तो टोकाईच्या टोकाला ठरतो. चुंबक पुन्हा मोजूनमापून बसवण्यात आले, २०१२ मध्ये मोजणी सुरू झाली आणि २०१३ मध्ये संख्या २८ झाली. भेसळ अपेक्षित होती पाचच्या आत. म्यूऑन-न्यूट्रिनोचे इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो होतात, याची शंका उरली नाही.

त्याच वर्षी २३ मे रोजी जे-पार्कमध्ये वेगळाच प्रसंग घडला. न्यूट्रिनोंशी संबंध नसलेल्या शेजारच्या दालनात त्याच वर्तुळातले प्रोटॉन सोन्याच्या लक्ष्यावर सोडले जात. ते दोन सेकंदांत सावकाश बाहेर यायचे, ते बिघाडामुळे पाच मिलिसेकंदांत आले. सोन्याची वाफ झाली, किरणोत्सारी द्रव्य दालनाबाहेर पसरले आणि ३४ जणांना त्याची बाधा पोहोचली. न्यूट्रिनोंचा झोतही मे २०१४ पर्यंत बंद राहिला. झोत चालवण्यात धोका कशाचा असतो, ते यावरून ध्यानात येईल. न्यूट्रिनो कोणाला काही करीत नाहीत. लक्ष्य आणि हॉर्न मात्र वापरानंतर इतके किरणोत्सारी होतात, की त्यांच्याजवळ जाता येत नाही. बदलायचे झाल्यास जाड भिंतीआडून, दुरून चालणाऱ्या क्रेनने बदलतात.

झोत पुन्हा सुरू झाल्यावर बराच काळ हॉर्नची धारा उलटी ठेवून प्रतिन्यूट्रिनो मोजण्यात आले. न्यूट्रिनो ज्या प्रमाणात बदलतात त्याच प्रमाणात प्रतिन्यूट्रिनोही बदलतात का, हा प्रश्न मोठा आहे. विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखेच असावे असे मानतात. आज द्रव्यच उरले आहे. या असमतोलाचा धागा न्यूट्रिनोंच्या वागण्यात सापडण्याची शक्यता आहे. २०१८ पर्यंतच्या मोजणीत न्यूट्रिनो-झोतातून इलेक्ट्रॉनच्या ९० घटना मिळाल्या, प्रतिन्यूट्रिनो-झोतातून १५. हे दोन आकडे नुसते शेजारी ठेवून चालत नाही. प्रतिन्यूट्रिनोंची पाण्याशी टक्कर कमी वेळा होते, ऋण पायॉन कमी तयार होतात, शिवाय वाटेतली पृथ्वी स्वतः द्रव्याची आहे. हे सारे हिशेबात धरूनही कल असमतोलाकडेच दिसला. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये हा निष्कर्ष आला, समतोल असण्याची शक्यता त्यात ९५ टक्के खात्रीने नाकारली होती. आमच्या क्षेत्रात एवढ्या खात्रीला शोध म्हणत नाहीत.

या १०५ घटनांसाठी टोकाईच्या लक्ष्यावर ३१ वर २० शून्ये इतके प्रोटॉन आदळले. प्रोटॉनच्या वस्तुमानाने गुणून पाहा : सगळे मिळून सुमारे ५ मिलिग्रॅम, साखरेच्या मोजक्या दाण्यांएवढे. आठ वर्षांची पाळी-पाळीने केलेली राखण होती ती एवढ्या हायड्रोजनची!

जगात या तोडीचा दुसरा झोत अमेरिकेत फर्मीलॅबहून ८१० किलोमीटरांवरच्या ‘नोव्हा’ शोधकाकडे जातो आणि त्या प्रयोगात भारतातल्या काही संस्थाही आहेत. दोन्ही गटांनी आपापल्या नोंदी एकत्र करून काढलेला निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांतील फरक त्यामुळे अधिक अचूक कळला, पण असमतोलाचा निकाल लागला नाही. घटना अजून कमी पडतात.

त्या वाढवण्याचे दोन मार्ग आहेत आणि जपानने दोन्ही धरले आहेत. २०११ मध्ये १४५ किलोवॅट असलेली झोताची शक्ती २०२४ मध्ये ८०० किलोवॅटवर गेली. १,३०० किलोवॅटचे उद्दिष्ट आहे. दुसरीकडे सुपर-कामिओकांडेच्या दक्षिणेला ८ किलोमीटरांवर २,६०,००० टन पाण्याच्या ‘हायपर-कामिओकांडे’साठी डोंगराखालची गुहा २०२५ मध्ये खणून झाली आणि २०२८ मध्ये मोजणी सुरू करण्याचा बेत आहे. नव्या टाकीकडे झोत कसा वळवणार, असे कोणी विचारील. वळवावा लागणार नाही. झोताचा मध्य दोन्ही जागांच्या मधून जाईल अशा बेताने आखलेला आहे. नवी टाकीही टोकाईपासून २९५ किलोमीटरांवर आणि अक्षापासून २.५ अंशांवरच येते.